सरासरीच्या जागी आलेली बाई: फँटसी प्रीमिअर लीगचा माझा एक हंगाम

सात जणांत एक माणूस कमी पडत होता, म्हणून मला या खेळात घेतलं. फुटबॉल कळतो का, हे कुणी विचारलंही नाही.

दादा आणि त्याच्या मित्रांची फँटसी प्रीमिअर लीगमध्ये, म्हणजे एफपीएलमध्ये, स्वतःची एक छोटी लीग आहे. सगळे कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले, एका शाळेतले, आता चाळिशीला टेकलेले. लीग हेड-टू-हेड प्रकारची: दर आठवड्याला एकाची गाठ एकाशी, जिंकला की ३ गुण, बरोबरी झाली की १. सात जणांच्या जोड्या लावल्या की एक उरतोच. अशा वेळी हा खेळ 'ॲव्हरेज' नावाचा आठवा संघ स्वतःच लीगमध्ये घालतो. त्या आठवड्याची एकंदर सरासरी निघेल तेवढे त्याचे गुण. हा सरासरी नावाचा गडी कधी लग्नाला जात नाही, कधी हट्टाला पेटत नाही, कधी विसरत नाही. २०२३-२४ च्या हंगामात तो दादाच्या लीगमध्ये तिसरा आला. त्याच्याखाली पाच जिवंत माणसं.

हे त्या पाचांना फार झोंबलं. त्यात दादा होता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. एरवी दादाचा फोन आला की आईच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात एवढंच समजायचं. या वेळी म्हणाला, "एक कोड पाठवलाय. टाक आणि गप बस."

मी दातांची डॉक्टर आहे, राजारामपुरीत दवाखाना आहे. कोड टाकला. संघाचं नाव ठेवलं अक्कलदाढ एफसी. ग्रुपवर दोन दिवसांत माझं नाव पडलं सरासरीताई. तर एक अख्खा हंगाम आणि वर थोडा काढल्यावर, या खेळाबद्दल आणि आमच्या लीगबद्दल हे माझं मत. पाचपैकी चार. एक कापला तो झोपेपोटी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी खेळ सांगते. इंग्लंडची फुटबॉल लीग, म्हणजे प्रीमिअर लीगच, तो चालवते; तिथल्या खऱ्या मॅचमध्ये आपण निवडलेले खेळाडू जे करतात त्याचे आपल्याला गुण. २००२ साली सुरू झाला, आता जगभरात एक कोटीहून जास्त संघ असतात आणि त्याला एक पैसा लागत नाही. हे मुद्दाम सांगायचं कारण, दवाखान्यात कुणी माझा फोन बघितला की पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, किती जिंकला?" क्रिकेटच्या पैसेवाल्या ॲपांमुळे लोकांच्या डोक्यात तेच बसलंय. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा झाला आणि ते पैशाचे खेळ बंद पडले. हा फुकटचा होता, चालूच राहिला.

सुरुवातीला १० कोटी पौंड देतात, अर्थात कागदावरचे. त्यात १५ खेळाडू घ्यायचे: २ गोलकीपर, ५ बचावाचे, ५ मधल्या फळीतले, ३ पुढचे. एका क्लबातले तिघांपेक्षा जास्त नाहीत. मी आले त्या हंगामात हालांड दीड कोटीला होता, सालाह सव्वा कोटीला, पामर १ कोटी ५ लाखांना. तिघंही घ्यायचे म्हटले की उरलेल्या पैशात भाजी मंडईत रात्री नऊला जे शिल्लक असतं ते मिळतं. दर आठवड्याला पंधरातले ११ उतरवायचे, एकाला कॅप्टन करायचं. कॅप्टनचे गुण दुप्पट. पुढच्याने गोल मारला तर ४, मधल्याने मारला तर ५, बचाववाल्याने मारला तर ६. गोल करवून दिला तर ३. तासभर खेळला की २. पिवळं कार्ड मिळालं की १ वजा. आठवड्याला एक खेळाडू फुकट बदलता येतो, जास्तीच्या प्रत्येकामागे ४ गुण कापतात.

झाला खेळ. पाचवीतल्या पोराला दहा मिनिटांत समजतो. दादाला दहा वर्षांत समजलेला नाही, असं बापू म्हणतो.

बापू गणिताचा मास्तर. तो मॅच बघत नाही, त्याच्याकडे एक्सेलची शीट आहे. शौकतभाई एकेकाळी तालमीच्या संघातून गोलकीपर होता, त्यामुळे त्याचा जीव गोलकीपरांवर. सगळी दुनिया गोलकीपर स्वस्तातला घेते, हा सगळ्यात महागडा घेतो आणि म्हणतो, "ताई, आमची किंमत कुणाला हाय?" अमर दुबईत, सच्या पुण्यात. संतोषचं गुळाचं दुकान. सातवा विज्या, ज्याच्याबद्दल एवढंच की तो ऑक्टोबरनंतर संघ बघतच नाही आणि तरीही शेवटचा येत नाही.

गाव फुटबॉलचं आहे हे सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की पेठांमध्ये दुपारची जेवणं लवकर उरकतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आमच्या गावचा. पण स्टेडियमवर गोल झाला तर हिशेब सरळ असतो, आपला की त्यांचा. इथं गोल झाला की आधी बघायचं मारला कुणी, पास कुणाचा, माझ्या बचाववाल्याची क्लीन शीट, म्हणजे एकही गोल न खाण्याची कमाई, गेली का, आणि समोरच्याकडे यातला कोण आहे. दादा शाळेपासून मँचेस्टर युनायटेडचा. त्या हंगामात त्याचा कॅप्टन बहुतेक वेळा युनायटेडच्या कट्टर वैऱ्याचा, लिव्हरपूलचा सालाह. एकदा आमच्याकडे टीव्हीवर मॅच बघताना सालाहने गोल मारला आणि दादा सोफ्यावरून उडाला. मग बाबांच्या फोटोकडे बघून हळूच खाली बसला. बाबांनीच त्याला युनायटेडच्या नादाला लावलं होतं.

आता माझ्या गेमवीक ६ बद्दल, म्हणजे हंगामाच्या सहाव्या आठवड्याबद्दल. हे मी ग्रुपवर बऱ्याचदा सांगून झालंय, पण तिथं कुणी ऐकून घेत नाही.

२८ सप्टेंबर २०२४, शनिवार. गाठ दादाशी. हालांडने पहिल्या पाच मॅचमध्ये १० गोल मारलेले, त्यामुळे सगळ्या दुनियेचा कॅप्टन तोच. माझाही. पण शुक्रवारी रात्री मला सारखं वाटत होतं की हालांडच्या मँचेस्टर सिटीला न्यूकॅसलच्या मैदानावर जड जाणार आणि चेल्सीचा पामर घरच्या मैदानावर ब्रायटनला धरणार. मराठीत पामर म्हणजे बिचारा, दीनवाणा. या पामराला कॅप्टन करायचं मी ठरवलं, शनिवारी दुपारी जेवून निवांत बदलू म्हणून झोपले. डेडलाइन असते पहिल्या मॅचच्या ९० मिनिटं आधी. म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेतीन.

शनिवारी दुपारी माझा दवाखाना बंद असतो. पावणेतीनला दादाचा फोन. "अगं, वर्कशॉपशेजारच्या काकूंची दाढ ठणकायला लागलीये. रडायच्या बेतात आहेत. बघतेस का?" दादाचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. नाही कसं म्हणणार? तो स्वतः काकूंना स्कूटरवर घेऊन आला. काकू आत खुर्चीत, दादा बाहेर बाकावर, माझ्या पंख्याखाली, माझं वायफाय लावून.

खालची दाढ, आतून किडलेली, नस उघडायलाच हवी होती. भूल दिली, रबर डॅम लावला, ड्रिल सुरू केलं. नस उघडल्यावर पहिल्यांदा वर बघितलं तर भिंतीवरच्या घड्याळात तीन पंचवीस. दोन्ही हातांत ग्लोव्ह्ज, त्यावर जे असायचं ते. मी वैष्णवीला म्हटलं, "माझा फोन घे." ती माझी मदतनीस, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॉकचा आकडा सांगितला, जो आता तिला आणि काकूंना दोघींना माहीत आहे. ॲप उघडलं. "हालांडच्या शेजारी सी आहे ना? तो पामरवर टाक." ती म्हणाली, "पामर? हा निळा शर्टवाला? झाला मॅडम." तिने फोन माझ्या डोळ्यांसमोर धरला. पामरच्या डोक्यावर कॅप्टनचा सी. मी मान हलवली आणि काकूंच्या नसेत परत फाइल घातली.

खाली एक बटण असतं. सेव्ह.

ते दाबायचं असतं हे वैष्णवीला माहीत असायचं काही कारण नव्हतं. मला होतं.

संध्याकाळी पाचच्या मॅचला सिटीची न्यूकॅसलशी १-१ बरोबरी, हालांडचा गोल नाही. मी मनात म्हटलं, बघा. साडेसातला चेल्सीची मॅच सुरू झाली. मी एका सहा वर्षांच्या पोराचा दुधाचा दात काढत होते आणि टेबलावर फोन थरथरत होता. पामर २१ व्या मिनिटाला. २८ व्या मिनिटाला, पेनल्टी. ३१ व्या मिनिटाला, फ्री किक. ४१ व्या मिनिटाला. वीस मिनिटांत चार गोल. प्रीमिअर लीगच्या एका मॅचच्या पूर्वार्धात चार गोल मारणारा तो पहिलाच. पोराचा दात निघाला, पोरगं रडलं नाही, मीच जवळजवळ ओरडले. त्याची आई घाबरून उभी राहिली.

हात धुऊन ॲप उघडलं. पामरचे बोनस धरून २५ गुण. नुसते २५. सी हालांडच्या शेजारी, २ चे ४.

आणि दादाचा कॅप्टन? पामर. डेडलाइनच्या आधी, माझ्या बाकावर बसून, माझ्या वायफायवर केलेला. २५ चे ५०. त्या दोन खेळाडूंमधून त्याला ५२, मला २९. मी एकूण १९ गुणांनी हरले. सेव्ह दाबलं असतं तर ४ गुणांनी जिंकले असते. हा हिशेब मी त्या रात्री तीनदा केला, प्रत्येक वेळी ४ च आले.

दादाने मुद्दाम काकूंना आणलं असं माझं म्हणणं नाही. मी फक्त एवढं नोंदवते की काकूंचं बिल त्याने स्वतः दिलं, पूर्ण दिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा सवलत मागितली नाही.

खेळाचं परीक्षण म्हणून यातून घ्यायचं ते हे. कॅप्टन ही या खेळातली सगळ्यात चांगली आणि सगळ्यात छळणारी गोष्ट आहे. बाकीचे चौदा खेळाडू तुम्ही अभ्यास करून घेता, कॅप्टन तुमच्या स्वभावातून येतो. बापू कायम जगाचा कॅप्टन तोच आपला कॅप्टन ठेवतो, म्हणजे बुडालो तर सगळ्यांबरोबर बुडू. शौकतभाईने एकदा गोलकीपरला कॅप्टन केलं होतं. कॅप्टन मैदानावर उतरलाच नाही तर उपकॅप्टनचे गुण दुप्पट होतात, ही सोय चांगली आहे. पण तो ८९ व्या मिनिटाला उतरला आणि दोन मिनिटं धावला, की त्याचा १ गुण, दुपटीने २, आणि उपकॅप्टनने मारलेले गोल साधेच राहतात. अशा वेळी माणूस परक्या देशातल्या कुणा पोराच्या पोटऱ्यांत गोळा यावा म्हणून प्रार्थना करतो. मी केलीय.

दुसरी गोष्ट घड्याळ. इंग्लंडमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे नेतात. आपल्याकडे असलं काही नसल्यामुळे ते लक्षातच येत नाही. तोवर शनिवारची डेडलाइन साडेतीनला, त्यानंतर साडेचारला. आणि आठवड्याची पहिली मॅच शुक्रवारी रात्री असेल तर डेडलाइन आधी ११ ला, मग थेट मध्यरात्री १२ ला. नव्याने येणाऱ्याला माझा एकच सल्ला आहे: संघ कसाही निवडा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर डेडलाइन पेनाने लिहा.

दादाने लिहिली नव्हती. आठ जणांच्या लीगमध्ये दर सात आठवड्यांनी त्याच माणसाशी गाठ पडते, म्हणून गेमवीक १३ ला परत दादा. २९ नोव्हेंबर, शुक्रवार, ब्रायटन आणि साउदॅम्प्टनची मॅच आपल्याकडे रात्री दीडला. डेडलाइन १२. दादा वहिनीच्या मामेबहिणीच्या लग्नाला गडहिंग्लजला. लग्नाच्या आदल्या रात्री तो काय करत असतो हे मला लहानपणापासून माहीत आहे. त्याच्या डोक्यात डेडलाइन शनिवारची होती, कारण दुपारी तो ग्रुपवर म्हणाला होता, "उद्या बघतो." कुणी दुरुस्त केलं नाही. अकरा चाळीसला मी त्याला लिहिलं, "दादा, डेडलाइन आज १२ ला आहे." वाचलं. खोडलं. बारा वाजून एक मिनिटाने पाठवलं, "जेवलास का?"

त्याचा हालांड कॅप्टन म्हणून तसाच राहिला. रविवारी लिव्हरपूलने सिटीला २-० हरवलं, माझा कॅप्टन सालाह, एक गोल त्याचा, एक त्याने करवून दिलेला. हालांड कोरा. दादाचा सोमवारी मेसेज आला, "ती दाढ खरंच दुखत होती."

आमच्या लीगमधली सगळ्यात चांगली गोष्ट मात्र ॲपमध्ये नाही, गंगावेशीत आहे. आठवड्यात ज्याचे गुण सगळ्यांत कमी, त्याने जे गावात असतील त्यांना दूध कट्ट्यावर दूध पाजायचं. म्हैस समोर उभी, धार थेट ग्लासात, वर बोटभर फेस. मी जन्मापासून कोल्हापुरात, पण कट्ट्यावर उभं राहून दूध पहिल्यांदा प्यायले ते गेमवीक ४ ला, माझ्याच पैशाने. संतोषच्या मिशीला फेस लागला होता आणि तो मला समजावत होता की माझ्या संघात तीन-तीन आर्सेनलवाले कसे जास्त होतात. गुळाच्या भावात जेवढा शहाणा तेवढाच इथे. दादा ग्लास संपवून म्हणाला, "आईला येत्या आठवड्यात डॉक्टरकडे न्यायचंय, तू येणार का?" एरवी हे त्याने मेसेजवर विचारलं असतं.

आता कुरबुरी.

खेळाडूंचे भाव रोज वरखाली होतात. जगभरातले लोक एखाद्याला घ्यायला लागले की त्याचा भाव एका लाख पौंडाने वाढतो. सकाळी उठून बघावं तर बदललेला. हे मजेचं आहे. पण विकताना वाढलेल्या भावातला निम्माच तुमचा. दोन लाखांनी वाढला तर एक लाख हातात. गुजरीत जुनी बांगडी मोडायला गेल्यावर सराफ जसा तोंडाने गोड बोलून हातात कमी ठेवतो, तसं. नियम असा का आहे हे बापूने मला दोनदा समजावलं. दोन्ही वेळा पटलं आणि दोन्ही वेळा राग तसाच राहिला.

हेड-टू-हेडचं मला पूर्ण पटत नाही. एका आठवड्यात माझे ८४ गुण झाले, लीगमध्ये दुसरे सगळ्यांत जास्त. पहिला सच्या होता, ८६. गाठ त्याच्याशीच. शून्य मिळाले. आणि जानेवारीतल्या एका रड्या आठवड्यात ३१ गुणांवर मी जिंकले कारण विज्याचे २९. त्याच्या अकरापैकी चार जण जखमी होते, एक तर क्लब सोडून गेला होता. ज्यांना न्याय हवा त्यांनी साधी लीग करावी, जिथे फक्त एकूण गुण मोजतात. ज्यांना सोमवारी सकाळी एका ठराविक माणसाचं तोंड बघायची मजा हवी, त्यांनी ही.

हवामानही खेळतं. ७ डिसेंबरला एव्हर्टन-लिव्हरपूलची मॅच होती, माझा कॅप्टन सालाह. दुपारी जेवताना बातमी आली की डॅरा वादळामुळे मॅचच रद्द. ताट बाजूला सरकवलं, आधी हात धुतला, पामरवर सी टाकला. सेव्ह तीनदा दाबलं. दुसऱ्या दिवशी पामरने टॉटनमला दोन पेनल्टी मारल्या, चेल्सी ४-३ ने जिंकली. वैष्णवीला मी सोमवारी पेढे दिले, का ते तिला कळलं नाही.

ती रद्द झालेली मॅच मग १२ फेब्रुवारी २०२५ ला झाली. त्यामुळे गेमवीक २४ ला लिव्हरपूलच्या दोन मॅच. अशा आठवड्यासाठी लोक ट्रिपल कॅप्टन नावाची चिप राखून ठेवतात, कॅप्टनचे गुण तिप्पट. मी ती सालाहवर लावली. बोर्नमथविरुद्ध त्याने दोन गोल मारले, मी तरंगत होते. दुसरी मॅच आपल्याकडे रात्री एकला. गुडिसन पार्क, १८९२ पासूनचं मैदान, आणि तिथली या दोन क्लबांची लीगमधली शेवटची मॅच. सालाहने एक करवून दिला, एक मारला. लिव्हरपूल २-१ पुढे. समोर बापू, मी त्याच्या पुढे. ९० मिनिटं संपली, मी दिवा बंद करायला उठले.

९८ व्या मिनिटाला एव्हर्टनचा बचाववाला तारकोव्स्की, असला फटका त्याने आयुष्यात मारला नसेल, चेंडू सरळ जाळ्याच्या वरच्या भागात. बचाववाल्याचा गोल म्हणजे ६ गुण. बापूकडे तारकोव्स्की होता. का होता? कारण एक्सेलच्या शीटमध्ये तो स्वस्त दिसत होता. बापू तेव्हा झोपलेला. सकाळी सातला उठून त्याने ग्रुपवर एवढंच लिहिलं, "मॅच झाली का रात्री?" मला दहाला पहिला पेशंट होता, ब्रिजचं माप घ्यायचं होतं. माप बरोबर आलं हे सवयीचं पुण्य.

हंगाम २५ मे ला संपला. सालाह २९ गोल आणि ३४४ गुणांवर गेला, एफपीएलमध्ये एका हंगामात इतके कुणाचे झाले नव्हते. आमच्यात बापू पहिला, दादा दुसरा. दादाची खरी टीम, मँचेस्टर युनायटेड, प्रीमिअर लीगमध्ये पंधरावी. याबद्दल तो बोलत नाही. माझा हिशेब असा: ३८ पैकी १८ जिंकले, १८ हरले, २ बरोबरीत. अमरने दुबईहून लिहिलं, "ताई, ज्याच्या जागी आलात त्याचं नाव राखलंत." वर्गणीच्या पैशातून संतोषच्या मळ्यावर मटण झालं. तांबडा रस्सा मी केला, पांढरा शौकतभाईने. वहिनीने त्या रात्री सांगितलं की वर्षभर दर शनिवारी दुपारी साडेतीनपर्यंत घरात दादाशी कुणी बोलत नाही.

घ्यावा का? दोस्तांची टोळी असेल तर जरूर घ्यावा, पण सहा ते दहा जणांचीच. त्याहून मोठी लीग झाली की समोरच्याचं तोंड माहीत नसतं आणि मग उरतात नुसते आकडे. एकट्याने, एक कोटीत आपला नंबर बघत खेळायचा असेल तर मी म्हणेन पुस्तक वाचा. फुटबॉल कळायला हवा असं नाही. मला ऑफसाइड आता कळतो, पण तो मला या खेळाने शिकवला नाही, शौकतभाईने दुधाच्या ग्लासांनी शिकवला, चार ग्लास आणि एक चमचा मांडून. झोपेचं खोबरं होतं हे गृहीत धरा.

२०२५-२६ ला नियम थोडे बदललेत, बहुतेक चांगल्यासाठी. बचाववाल्याने मॅचमध्ये चेंडू काढणं, अडवणं, मध्येच पकडणं, हिसकावणं मिळून दहा वेळा केलं की आता त्याला २ गुण जास्त मिळतात. पुढच्यांना आणि मधल्यांना त्यासाठी बारा लागतात. गोल न मारता राबणाऱ्यांची दखल कुणीतरी घेतली. अख्खा संघ फुकटात बदलू देणाऱ्या वाइल्डकार्डसकट सगळ्या चिपा आता दोन-दोन आहेत, एक संच पहिल्या अर्ध्यात, एक दुसऱ्या. गेल्या हंगामात मध्येच आलेली, मॅनेजर विकत घ्यायची चिप काढून टाकली. "ती मला एकट्यालाच जमली होती," असं विज्या म्हणतो.

यंदा अमरने रामराम ठोकला, मुलीची दहावी आहे म्हणाला. म्हणजे आम्ही परत सात. म्हणजे तो परत आला. १५ ऑगस्टला हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात माझी गाठ ॲव्हरेजशी. दोन गुणांनी हरले. ग्रुपवर काय काय आलं ते इथं देत नाही.

तिसऱ्या आठवड्यात गाठ दादाशी होती. शनिवार, डेडलाइन दुपारी साडेतीन. गुरुवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. आईच्या गोळ्या आणल्या म्हणाला. मग म्हणाला, "अगं, त्या काकूंची आता वरची दाढ ठणकतीये. शनिवारी दुपारी आणू का?"

मी म्हटलं, "शुक्रवारी आण."